मागून कडू लागतो

आमचं ऑफिस नागपुरात, सदरला. नाताळच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी चार वाजताच्या चहाबरोबर कॅशमधल्या ताई घरचा केक आणायच्या. मी 2014 साली इथे लागले, त्याच्याही आधीपासूनची ही पद्धत. जवळजवळ काळा, जड, बटर पेपरमध्ये गुंडाळलेला केक. एकेकाच्या वाट्याला बोटभर जाडीचा काप यायचा आणि लोक तो पुरवून पुरवून खायचे. डिस्पॅचचे काका तर अर्धा काप रुमालात बांधून नातीसाठी घरी न्यायचे.

2022 च्या डिसेंबरात मीही केक केला. ताईंना आव्हान द्यावं असं काही मनात नव्हतं. लॉकडाऊनमध्ये घेतलेला छोटा ओव्हन घरात होता, काटोलला मावससासऱ्यांची संत्र्याची बाग आहे, आणि नागपूरच्या नाताळात संत्र्याचा केक असावा असं मला मनापासून वाटत होतं. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची, संत्री ऑक्टोबरापासून डिसेंबरापर्यंत येतात. ज्या दिवसांत कॉटन मार्केटपासून गल्लीतल्या हातठेल्यापर्यंत जिकडेतिकडे संत्र्यांचे ढीग असतात, त्याच दिवसांत नाताळ येतो. मग आपल्या केकमध्ये फक्त बाहेरून आलेले बेदाणे आणि टूटीफ्रूटीच का असावी?

त्या दिवशी, 23 डिसेंबरला, विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतं. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, चौकाचौकात पोलीस. स्कूटीच्या पुढच्या जागेत केकचा डबा दोन पायांमध्ये धरून मी लांबच्या रस्त्याने ऑफिसला पोचले. चार वाजता टेबलावर दोन केक बघून काका म्हणाले, "आता दोन हायेत तर चिठ्ठ्याच टाका न जी." कोणाचा कोणता ते सांगायचं नाही, ताटली एक आणि ताटली दोन. केक करणाऱ्या दोघींनी मत द्यायचं नाही. बाकीचे एकोणीस जण. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या आणि काकांनी मोठ्याने मोजल्या. ताईंना पंधरा, मला चार.

सगळे येऊन "छान झाला गं" म्हणून गेले. पाच वाजता ताईंनी कॅशच्या खिडकीतून मला आत बोलावलं. माझ्या केकचा काप त्यांनी एका कागदावर ठेवला होता. एक घास घेतला, थांबल्या, पाणी प्यायल्या, दुसरा घास घेतला, पुन्हा थांबल्या.

"वास फार सुंदर आला," त्या म्हणाल्या. "पण मागून कडू लागतो."

मला वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. दोन रात्री जागून केलेला केक, आणि इतक्या लोकांत एकट्या यांनाच तो कडू लागावा? घरी गेल्यावर मुलं झोपली, तेव्हा उरलेला तुकडा घेऊन स्वयंपाकघरात एकटी बसले आणि त्यांच्यासारखाच खाल्ला. घास, थांबणं, पाणी, पुन्हा घास. आधी गोड, मग संत्र्याचा वास, आणि सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी बी चावल्यासारखा कडवटपणा. तो जाता जात नव्हता. ताई खरं बोलल्या होत्या. आणि खरं बोललेल्या त्या एकट्याच होत्या.

केक केला त्या रात्री मात्र तो कडू नव्हता. भांड्याला लागलेलं पीठ मी स्वतः चाटून पाहिलं होतं. मग दोन दिवसांत झालं काय?

जानेवारीत काटोलला गेलो तेव्हा मावससासऱ्यांना विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "रस कसा काढला व्हता सूनबाई? मिक्सरमधून?" मी हो म्हटलं. "अन् ठेवला व्हता?" तेही केलं होतं. सुकामेवा मुरवायला रात्रभर रसात ठेवला होता. ते म्हणाले, "मंग कडू होतेच तो. आपल्या संत्र्याचा रस काढला का पिऊन टाकायचा."

कारण मला नंतर वाचून कळलं. संत्र्याच्या फोडींच्या पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं, त्याला स्वतःची काही चव नसते. फळ चिरडलं की ते आंबट रसात उतरतं आणि काही तासांत त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन कडू. तापवलं तर हे आणखी वेगाने घडतं. म्हणजे मी बियांसकट मिक्सर फिरवला, रस रात्रभर ठेवला, वर तासभर भट्टीत भाजला. कडूपणा वाढवायला जे जे करता येईल ते सगळं माझ्या हातून झालं होतं. आपल्या संत्र्याचा रस बाटलीत भरून विकणं अवघड जातं त्यामागे हेही एक कारण आहे. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिच्यावरून मी रोज जाते. 2014 साली नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही सगळे किती खूश झालो होतो. पण ज्या फळाचा एवढा अभिमान, त्याचा हा साधा स्वभाव मला माहीत नव्हता. बागेतल्या माणसाला माहीत होता.

रस बाद झाला. मग संत्रं केकमध्ये आणायचं कशातून? सालीतून. सगळा वास सालीच्या वरच्या केशरी थरातल्या तेलात असतो. त्याखालचा पांढरा थर कडू, तो येऊ द्यायचा नाही. लिंबाच्या सालीबाबत हे सोपं आहे, लिंबू घट्ट असतं. आपलं संत्रं सैल सालीचं, आणि डिसेंबरच्या शेवटाला आंबियाचं फळ सालीत फुगलेलं असतं. किसणीवर धरलं की साल आत दबते आणि फाटते, बोटं किसली जातात, पांढरं सगळं किसात येतं. पाच-सहा वेळा हात सोलवटून घेतल्यावर मला रीत सापडली. ढिगातून लहान, हाताला टणक लागणारी, जराशी हिरवट झाक असलेली संत्री निवडायची. ती किसायच्या आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवायची. सर्वांत बारीक किसणी फळावर फिरवायची, फळ किसणीवर फिरवायचं नाही. एका जागी एकदाच. आणि तो कीस लगेच साखरेत टाकून बोटांनी चोळायचा.

हे चोळणं मला फार आवडतं. पांढरी साखर बोटांखाली आधी ओलसर होते, मग फिकट केशरी, आणि मग तिचे गोळे होऊ लागतात. घरभर असा वास सुटतो की बाहेरच्या खोलीतून मुलं विचारतात, संत्री सोलली का? पाच संत्र्यांचा कीस होतो जेमतेम दोन चमचे. पण त्या दोन चमच्यांत जे आहे ते दोन पेले रसात नाही.

2023 सालाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. ऑफिसात सहा जण अंडं खात नाहीत. ते म्हणाले, आम्ही कधीच चव घेत नाही, तर मत कशाला द्यायचं? खरं म्हणजे इतकी वर्षं ते नुसता चहा पीत बसत होते आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "यंदा दोघीही बिनअंड्याचा करू." त्यांच्या घरच्या केकला आठ अंडी लागतात, तो त्यांच्या आजीच्या हातचा. बिनअंड्याचा केक त्यांनी जन्मात केला नव्हता. मला जे सोपं, तेच त्यांना अवघड होतं, आणि ते त्यांनी आपण होऊन मागून घेतलं. माझा केक त्या वर्षी वरून करपला आणि मधोमध तडकला, तरी निकाल बारा-सात लागला. ताईंनी पुन्हा घास घेतला, थांबल्या. "कडू कमी आहे. पण वास वर राहतो, खाली काहीच नाही," त्या म्हणाल्या. मी हे वहीत लिहून ठेवलं.

करपण्याचं कारण ओव्हनमध्ये होतं. इतवारीतल्या बेकरीच्या सामानाच्या दुकानात गेले तर दुकानदाराने साचे दाखवायच्या आधी आत ठेवायचा तापमापक दाखवला. घरी येऊन लावला. ओव्हनची चकती 160 वर, आत 185. गेली तीन वर्षं माझा प्रत्येक केक पंचवीस अंश जास्तीवर भाजला जात होता.

मला तेव्हा आईची आठवण झाली. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, आणि बिस्किटं भाजून आणायची. पत्र्याचा डबा, त्यावर चिकटवलेली नंबराची चिठ्ठी, बाकावर बसलेल्या दहा-बारा बायका. एकदा मी भट्टीवाल्याला विचारलं होतं, आत किती गरम आहे हे तुम्हाला कसं कळतं? तो भट्टीच्या तोंडाशी उघडा हात धरायचा, मनात काही मोजायचा आणि हात काढून घ्यायचा. मग ट्रे आत. त्याचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. माझ्या हाताला ते ज्ञान नाही, म्हणून मला तापमापक लागतो, आणि तो लावल्यापासून करपलेला केक झालेला नाही. ज्यांच्या घरी छोटा ओव्हन आहे त्या प्रत्येकाला मी हेच सांगते, साचा नंतर घ्या, तापमापक आधी.

"खाली काहीच नाही" याचा अर्थ लागायला मला जवळजवळ वर्ष गेलं. संत्र्याचा वास नाकाशी येतो आणि उडतो. त्याच्या खाली धरून ठेवणारी दाट, किंचित जळकट चव हवी. ती ताईंच्या केकमध्ये असते, जाळलेल्या साखरेची. मी दोनदा घरी करून पाहिली. एकदा फिकी राहिली, एकदा पार कोळसा. शेवटी 2024 च्या डिसेंबरात जेवणाच्या सुट्टीत त्यांनाच विचारलं. ज्यांच्याशी चढाओढ त्यांनाच विचारावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला होता.

"रंग सांगून कळत नाही," ताई म्हणाल्या. "रविवारी ये घरी. सकाळी चर्च आहे, दुपारनंतर ये."

8 डिसेंबरला गेले. घराबाहेर कागदी चांदणी टांगलेली. आत त्यांच्या सूनबाई करंज्या भरत होत्या, परातीत शंकरपाळे निवत होते. नाताळचा फराळ. आमच्या दिवाळीसारखाच, फक्त यांच्या शंकरपाळ्यांचा आकार लहान. मला आधी करंजी खायला लावली, मग स्वयंपाकघरात नेलं.

जाड बुडाची लोखंडी कढई. तिच्यात एक वाटी साखर, पाणी अजिबात नाही. आच मध्यम. ताई चमचा लावू देत नव्हत्या. कढई नुसती हलवायची. आधी कडा वितळल्या, मग मधली साखर त्यात बुडत गेली. मधासारखा रंग आला तसा मी हात पुढे केला. "थांब." चहासारखा झाला. "थांब." मग बारीक बुडबुडे वर आले, निळसर धुराची एक रेघ उठली आणि डोळे चुरचुरले. मला वाटलं, जळली. ताई कढईकडे बघत म्हणाल्या, "आत्ता जांभळाचा रंग आला बघ. काळा नाही, जांभळा. आता." आणि त्यांनी बाजूला उकळत ठेवलेलं पाणी लांब दांड्याच्या पळीने कडेकडेने सोडलं. कढई फुत्कारली, वाफ छतापर्यंत गेली. थंड पाणी टाकलं तर साखर दगड होते आणि अंगावर उडते, म्हणून उकळतंच हवं. मी ज्या क्षणी आच बंद करत होते त्यानंतर पुरतं अर्धं मिनिट त्या थांबल्या होत्या. तेवढंच माझं चुकत होतं.

चहा पिताना मी त्यांना वाचलेली एक हकिकत सांगितली. भारतातला पहिला नाताळचा केक केरळात थलश्शेरीला मंबल्ली बापू नावाच्या बेकरीवाल्याने 1883 साली केला असं सांगतात. मर्डॉक ब्राउन नावाच्या एका इंग्रज मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक त्यांना दाखवला आणि तसाच करायला सांगितला. त्यात फ्रेंच ब्रँडी घाला असंही सुचवलं. बापूंनी मात्र तिथलीच, काजूच्या बोंडांपासून आणि केळ्यांपासून काढलेली दारू वापरली. ताई हिस्लॉप कॉलेजच्या. त्या लगेच म्हणाल्या, "1883? म्हणजे आमच्या कॉलेजच्याच वयाचा केक." मग थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याने तिथलं घातलं, तू इथलं घालून राहिली. बरोबर आहे तुझं." कोणी माझ्या केकबद्दल बोललेलं इतकं आतवर पोचलेलं मला आठवत नाही.

मसाल्याचं मात्र विचारल्यावर त्यांनी मान हलवली. "तो नाही सांगणार. आईने मला लग्न झाल्यावर सांगितला होता."

त्यानंतरचे दहा दिवस मी रोज रात्री काही ना काही करून पाहत होते. बेदाणे, खजूर, अंजीर, चेरी मिळून तीनशे ग्रॅम सुकामेवा मी या वेळी रसाऐवजी दाट कोऱ्या चहात मुरवला. चहाची तुरट चव सुकामेव्याच्या गोडाला आवरते आणि मुरवून ठेवला तरी कडू होत नाही. एका रात्री सगळं मिश्रण दाणेदार झालं. पातळ केलेलं लोणी दह्यात ओतलं आणि क्षणात त्याच्या कण्या झाल्या, दूध फाटल्यासारख्या. आधी वाटलं लोणी खराब आहे. मग दह्याच्या भांड्याला हात लावला, तर ते बर्फासारखं गार. डिसेंबरच्या नागपुरात ओट्यावरचं दहीसुद्धा फ्रिजमधल्यासारखं असतं, त्यात लोणी पडताच गोठतं. भांडं कोमट पाण्याच्या परातीत ठेवून हळूहळू घोटलं तेव्हा मिश्रण पुन्हा एकजीव झालं. तेव्हापासून थंडीत दही दोन तास आधी काढते आणि मिसळण्यापूर्वी कोमट पाण्यात ठेवते.

शेवटचं माप असं ठरलं. अडीचशे ग्रॅम मैदा, चारशे ग्रॅमचा गोड दाट दुधाचा एक डबा, सव्वाशे ग्रॅम लोणी, एक वाटी दही, दीड चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा सोडा, पाच संत्र्यांचा कीस चोळलेली चार चमचे साखर, आणि जाळलेल्या साखरेचा पाक पाव वाटी. सोडा पडल्यावर वेळ घालवायचा नाही, दह्याशी त्याची गाठ पडली की तो कामाला लागतो. साच्यात ओतून लगेच ओव्हनमध्ये. तापमापकावर 150, सव्वा तास. पहिला पाऊण तास दार उघडायचं नाही, नाहीतर मध्ये बसतो. शनिवारी रात्री केला, गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून मंगळवारपर्यंत हात लावला नाही. आपल्याला मोह होतो, पण फळांचा केक तीन दिवसांनी चवीला येतो.

24 डिसेंबरला चार वाजता दोन ताटल्या. पूर्वीसारखे एकोणीस जण. काका चिठ्ठ्या उलगडत होते. आठ-आठ झाले तेव्हा साहेबसुद्धा केबिनमधून बाहेर येऊन उभे राहिले. नऊ-नऊ. शेवटची चिठ्ठी काकांनी उघडून सगळ्यांकडे फिरवून दाखवली. एक. एक म्हणजे ताई.

टाळ्या झाल्या, त्यांना सगळ्यांनी नाताळच्या शुभेच्छा दिल्या. मी वाट बघत होते ती वेगळ्याच गोष्टीची. पाच वाजता कॅशच्या खिडकीतून हाक आली. कागदावर माझा काप. एक घास. थांबल्या. पाण्याचा पेला समोर होता, तो त्यांनी उचलला नाही. दुसरा घास. या वेळी जास्त थांबल्या.

"मागून काहीच कडू नाही," ताई म्हणाल्या. "संत्रंच येतं मागून."

मग उरलेला काप कागदात नीट गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि रोकड मोजायला बसल्या.

माझा डबा त्यांच्याकडेच राहिला होता. नव्या वर्षात कामावर आलो तेव्हा तो धुऊन पुसून माझ्या टेबलावर ठेवलेला होता. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. आत चार करंज्या होत्या आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक लहान पुडी. पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. उघडली तर तपकिरी, बारीक वस्त्रगाळ पूड. मी कॅशच्या खिडकीकडे पाहिलं. ताई मान खाली घालून काम करत होत्या.

पुडी मी हवाबंद बाटलीत घालून ठेवली आहे. दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ एवढं मला ओळखता आलं. त्यात आणखी एक काहीतरी आहे, किंचित धुरकट, किंचित थंड. मसाला वेलची आणि चक्रीफूल आणून शेजारी ठेवून वास घेऊन पाहिला. शहाजिरं अजून पाहायचं आहे.